स्ट्रायपरचा 'सोल्जर्स अंडर कमांड': भक्ती आणि हार्ड रॉक एकत्र नांदतात का?

खर्जातला

मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा होता.

स्ट्रायपर हा कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा बँड. मायकेल स्वीट गायक आणि गिटारवादक, त्याचा भाऊ रॉबर्ट ड्रम्सवर, ऑझ फॉक्स दुसऱ्या गिटारवर, बेसवर तेव्हा टिम गेन्स. आधी नाव होतं रॉक्स रेजीम. १९८३ मध्ये या पोरांनी ठरवलं की आता वाजवायचं ते येशूसाठी आणि तेही उघडपणे. नवं नाव घेतलं, त्याला बायबलमधल्या यशया ५३:५ या वचनाचा आधार दिला आणि ते वचन आपल्या बोधचिन्हाखाली छापायला लागले. मे १९८५ मध्ये एनिग्मा कंपनीने त्यांचा पहिला पूर्ण अल्बम काढला, 'सोल्जर्स अंडर कमांड'. दहा गाणी, निर्माता मायकेल वॅगनर. अमेरिकेत तो गोल्ड ठरला, म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा त्याने गाठला. उघड ख्रिस्ती गाणी गाणाऱ्या मेटल बँडने त्या काळी एवढी मजल मारणं ही लहान गोष्ट नव्हती.

माझा प्रश्न असा: या अल्बममधली भक्ती त्याच्या रॉकला बळ देते की अडवते? रॉक ऐकणारे बहुतेक जण म्हणतात, "गिटार मस्त आहे, शब्दांकडे कानाडोळा करा." मला हे पटत नाही. या गाण्यांतली जी उसळी आहे ती त्या श्रद्धेतूनच येते. ज्याच्यासाठी गातोय तो ऐकतोय अशी खात्री असलेला माणूस वेगळ्याच जोराने गातो. शीर्षकगीत ऐका, 'सरेंडर' ऐका, तो जोर कानाला कळतो.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी ऐकलेला नाही त्यांनी आधी ऐकावा आणि मग भांडायला यावं.

बोरीबंदर

अंगभर पिवळे-काळे पट्टे, गिटारवर पट्टे, ड्रमवर पट्टे. कॉलेजात आम्ही यांना 'काळी-पिवळी' म्हणायचो. मीटर टाकून यायचे, थेट स्वर्गापर्यंत भाडं!

पण गाणी झकास. माझ्याकडे मित्राच्या कॅसेटवरून भरून घेतलेली प्रत होती. 'मेक्स मी वॉना सिंग' सुरू झालं की वसतिगृहात वरच्या मजल्यावरून बादली आपटल्याचा आवाज यायचा, आवाज कमी करा म्हणून.

तपशीलवार

धागा छान, पण पहिला अल्बम हा नाही. २१ जुलै १९८४ ला एनिग्मानेच 'द यलो अँड ब्लॅक अटॅक' काढला होता. जे पहिलं बाजारात आलं ते पहिलं. १९८६ मध्ये तोच दोन गाणी वाढवून पुन्हा काढला, तेव्हा तर त्याची लांबी बऱ्यापैकी अल्बमएवढी झाली.

खर्जातला

@तपशीलवार, १९८४ ची ती तबकडी सहा गाण्यांची. ईपीला, म्हणजे अल्बमहून छोट्या तबकडीला, ईपीच म्हणू या. बँडला पूर्ण लांबीचा अल्बम करायला पैसा, वेळ आणि नामांकित निर्माता मिळाला तो १९८५ लाच. फरक ऐकूही येतो. ईपीत ड्रम्स लांबून कुठूनतरी वाजल्यासारखे वाटतात, इथे थेट छातीवर येतात.

तपशीलवार

असहमत. पण ईपीतलं 'लाउड अँड क्लिअर' तुम्हाला आवडत असेल तर वाद मिटला म्हणून समजा.

खर्जातला

आवडतं. मिटला.

मिंड_आणि_बेंड

गिटार शिकवतो, त्यामुळे थोडं वाजवण्याबद्दल.

या अल्बमची खरी ओळख म्हणजे मायकेल आणि ऑझ यांची जोडगिटार. एक जण जी सुरावट वाजवतो तीच दुसरा तिसऱ्या स्वरावरून वाजवतो. पहिला सा वर असेल तर दुसरा ग वर, पहिला रे वर आला की दुसरा म वर. ही कल्पना त्यांची नव्हे. थिन लिझी आणि आयर्न मेडन या बँडनी ती आधीच रुळवली होती. पण तिथे दोन गिटार एकमेकींशी बोलतात असं वाटतं, इथे त्या एका गळ्याने गातात. दोघांची बेंड, म्हणजे तार ओढून स्वर चढवणं, एकाच क्षणी सुटते आणि एकाच क्षणी मुक्कामाला पोचते. माझ्या विद्यार्थ्यांना मी शीर्षकगीतातला तो भाग दोघादोघांनी बसवायला देतो. वेगाची कुणालाच अडचण येत नाही, बोटं धावतात. अडतं ते स्वर ओढून धरताना. एकाची तार अर्ध्या श्रुतीने कमी ओढली गेली की सगळं बेसूर होतं. रोज समोरासमोर बसून घासल्याशिवाय हे साधत नाही.

दुसरी गोष्ट मागच्या गायनाची. थरावर थर चढवलेले आवाज आहेत. चर्चमधल्या वृंदगायनाची सवय असलेल्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटेल. त्यामुळे खर्जातला यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, भक्ती इथे सुरांच्या बांधणीतच आहे. शब्द काढून नुसतं 'आ' गायलात तरी ती राहील.

नाना_नास्तिक

मी देव मानत नाही, तरी हा अल्बम आज सकाळी आख्खा ऐकला, म्हणून बोलायचा हक्क मिळवला आहे.

वादन उत्तम. गायकाचा वरचा सूर तर कमालीचा. पण शब्द? दहापैकी आठ गाण्यांत तेच: तूच मार्ग, तूच प्रकाश, मी आता तुझा. शंका कुठेच नाही. माणूस देवाकडे वळतो तो काहीतरी भोगून, चुकून, घाबरून. ते भोगणं या गाण्यांत दिसतच नाही, थेट निकाल ऐकवतात. आपल्या संतांकडे बघा, देवाशी भांडतात, त्याला शिव्या घालतात, मग शरण जातात. म्हणून ते शरण जाणं खरं वाटतं. इथे भांडण नाही.

सांजवेळ

नाना, +१. नेमकं हेच खटकत होतं पण सांगता येत नव्हतं.

खर्जातला

नाना, मुद्दा वजनदार आहे, त्याला टाळणार नाही. पण ही गाणी कुणासाठी होती ते बघा. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांत रात्री दारू पिऊन आलेल्या पोरांसमोर हे उभे राहायचे. आजूबाजूचे बँड दारू, पोरी आणि गाड्या यांवर गात होते. तिथे शंका घेऊन उभं राहणाऱ्याचं कोण ऐकणार? तिथे घोषणाच द्यावी लागते. आणि संतांकडेही दोन्ही आहे. भांडणाचे अभंग आहेत तसा नुसता आनंदाचा गजरही आहे. वारीत चालताना कुणी शंकेचा अभंग धरत नाही.

वाट_बघतोय

वाचतोय. दोन्ही बाजू जोरदार.

सलोमी_नगर

मी नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं), ख्रिस्ती घरातली. आमच्या घरात हा अल्बम माझ्या थोरल्या भावाने आणला आणि त्यावरून मोठं रणकंदन झालं. आजोबा चर्चचे वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळातले. केस वाढवलेले, डोळ्यांत काजळ घातलेले पुरुष देवाचं गाणं म्हणतात हे त्यांना सहनच झालं नाही. "हे सैतानाचं वाद्य, त्याला देवाचं नाव लावून काय उपयोग?"

तेव्हा आजी बोलली. तिने आजोबांना विचारलं, "तुम्ही रविवारी टिळकांची पदं डोळे मिटून म्हणता, ती कोणत्या चालींवर आहेत?"

इथल्या सगळ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. त्याआधी आमच्या मराठी चर्चमध्ये बरीचशी गीतं इंग्रजी-अमेरिकन चालींवर बसवलेली असायची. टिळकांनी ओव्या, अभंग, पदं लिहिली, मराठी माणसाच्या तोंडी सहज बसतील अशी. त्यांच्याही आधी कृष्णाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं होतं. देवळातलं कीर्तन येशूच्या कथेला चालवायचं ही तेव्हा किती धाडसाची गोष्ट असेल! आज 'उपासना संगीत' उघडलं की टिळकांची कितीतरी पदं सापडतात आणि ती परकी होती असं कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून माझ्या लेखी प्रश्न हार्ड रॉकमध्ये भक्ती बसते का हा नाहीच. कॅलिफोर्नियातल्या त्या पोरांची तीच बोली होती. वयात येताना कानावर तेच पडलं होतं. त्यांनी देवाशी स्वतःच्या बोलीत बोलायचं ठरवलं. आजोबा शेवटपर्यंत मानले नाहीत. पण 'फर्स्ट लव्ह' लागलं की दार लावायला सांगायचं मात्र त्यांनी बंद केलं.

मिंड_आणि_बेंड

सलोमीताई, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. तुमच्या आजींना नमस्कार.

गल्लीबोळ

आजोबा एकटे नव्हते. अमेरिकेतही हेच झालं, आणि तिथली गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. स्वीट भाऊ सत्तरच्या दशकात लहान असताना टीव्हीवर जिमी स्वॅगर्ट या धर्मोपदेशकाचं प्रवचन बघून श्रद्धेकडे वळले. पुढे त्याच स्वॅगर्टने ख्रिस्ती रॉकवर तोफ डागली, १९८७ मध्ये त्याविरुद्ध अख्खं पुस्तकच काढलं. स्ट्रायपर प्रेक्षकांत बायबलच्या नव्या कराराच्या प्रती फेकायचे, तेही त्याला मान्य नव्हतं. ज्याच्यामुळे विश्वास मिळाला त्यानेच झिडकारलं. आणि हा स्वॅगर्ट कोण? रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतल्या जेरी ली लुईसचा सख्खा नातेवाईक, आतेमामे-मावसभावांपैकी.

बोरीबंदर

नव्या कराराच्या प्रती फेकायचे ते ऐकलं होतं. पहिल्या रांगेतल्याला डोक्यात लागली तर साक्षात्कार नक्की!

सरोवरकाठ

शिकागोत राहते, त्यामुळे इथली बाजू मांडते.

ख्रिस्ती हार्ड रॉकच्या सुरुवातीच्या अल्बमांबद्दल बोलायचं तर स्ट्रायपरच्या सात वर्षं मागे जावं लागेल. इथलाच रिझरेक्शन बँड, १९७८, 'अवेटिंग युअर रिप्लाय'. ग्लेन कायझर आणि वेंडी कायझर हे नवराबायको दोघंही गायचे, स्टू हाइस गिटारवर. जीझस पीपल यूएसए नावाच्या समूहाचे हे लोक. सगळे एकत्र राहायचे, कमाई एकाच पेटीत, जेवण एकाच स्वयंपाकघरात. शहरातल्या अपटाउन भागात बेघरांसाठी काम करायचे. संगीत भारी, ब्लूजच्या अंगाने जाणारं, लेड झेपलिन या बँडची आठवण करून देणारं. पण मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो शब्दांमुळे. नाना म्हणतात ते भोगणं तिथे आहे. व्यसन, मोडलेली घरं, रस्त्यावरचं मरण, सगळं आहे. १९७९ च्या दुसऱ्या अल्बममध्ये तर दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर थेट गाणं आहे. त्या काळात गोऱ्या अमेरिकन चर्चमध्ये हे बोलायला छाती लागायची.

तेव्हा स्ट्रायपरला मान द्या, पण वाट यांनी पाडली.

नाना_नास्तिक

सरोवरकाठ, हे ऐकतो. मला हवं ते बहुतेक इथे सापडेल.

खर्जातला

सरोवरकाठ, रिझरेक्शन बँडचा मान निर्विवाद. त्याहीआधी १९६९ चा ख्रिस्ती रॉक गायक लॅरी नॉर्मन आहे, आणि रिझरेक्शन बँडच्याच काळातला स्वीडनचा जेरुसलेम हा बँड आहे. पण ते सगळे मुख्यतः ख्रिस्ती श्रोत्यांमध्ये फिरले. स्ट्रायपर बाहेरच्या मैदानात उतरले, त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीने पुढे पॉयझन या बँडचा पहिला अल्बम काढला. गंमत म्हणजे पॉयझनचा सी. सी. डेव्हिल काही काळ रॉक्स रेजीममध्ये वाजवून गेला होता! दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन स्वतःचं गाणं गाणं, याचं मोल मला जास्त वाटतं.

सरोवरकाठ

रिझरेक्शन बँड तुरुंगांत आणि रस्त्यांवर वाजवायचा हो. तेही दुसऱ्यांचं अंगणच.

उत्तररात्र

दोन्ही खरं असू शकतं ना राव.

मला वेगळी गोष्ट खटकते. शेवटचं गाणं, 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक'. नऊ गाणी देवाची आणि दहावं देशाचं. त्यात अल्बमचं नाव सैनिकांवर, काळ अध्यक्ष रेगनचा. धर्म आणि लष्करी देशभक्ती यांची ही मिसळ मला अस्वस्थ करते.

गल्लीबोळ

@उत्तररात्र, त्या गीताचा इतिहास तुमच्या समजापेक्षा वेगळा आहे. ज्युलिया वॉर्ड हाउ यांनी ते १८६१ मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, गुलामगिरी संपवू पाहणाऱ्या उत्तरेच्या बाजूने लिहिलं. चालही जॉन ब्राउनवरच्या गाण्याची, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलून १८५९ मध्ये फासावर गेलेला तो. पुढे ते कुणी कुणी कशासाठी वापरलं हा भाग वेगळा.

सलोमी_नगर

आणि सैनिकाची उपमा बायबलमधलीच. पौलाने तीमथ्याला ख्रिस्ताचा चांगला शिपाई हो म्हणून लिहिलंय, इफिसकरांस पत्रात तर शिरस्त्राण, ढाल, तलवार सगळं आहे, विश्वासाची ढाल आणि आत्म्याची तलवार. लढाई माणसांशी नाही हे तिथेच स्पष्ट म्हटलंय. तुकोबांनीही रात्रंदिन युद्धाचा प्रसंग म्हटलं ते जगाशी आणि स्वतःच्या मनाशी. त्यावरून कुणी त्यांना लष्करी म्हणत नाही.

उत्तररात्र

इतिहास मान्य, वचनंही मान्य. पण १९८५ मध्ये स्टेडियममधल्या अमेरिकन पोराने ते गाणं ऐकलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जॉन ब्राउन आला असेल असं मला वाटत नाही. यावर मी ठाम आहे.

तपशीलवार

१९८५ चा आणखी एक संदर्भ. याच वर्षी अमेरिकेत पीएमआरसी नावाची पालकांची संघटना उभी राहिली आणि १९ सप्टेंबरला सिनेटपुढे रॉकच्या शब्दांवर सुनावणी झाली. फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर, डी स्नायडर हे संगीतकार साक्षीला गेले. कव्हरवरची ती 'पालकांनो सावधान' छाप चिठ्ठी त्यातूनच आली. म्हणजे एकीकडे हेवी मेटल पोरांना बिघडवतं म्हणून सरकारदरबारी सुनावणी, दुसरीकडे त्याच संगीतात चार पोरं बायबल वाटतायत. दोन्ही बाजूंना त्यांना कुठे ठेवायचं ते कळेना.

वसईची_पोर

थोडं अवांतर. 'टुगेदर ॲज वन' हे गाणं आमच्याकडे वसईत एका लग्नात ऐकलं आणि कोणाचं ते शोधत शोधत या बँडपर्यंत आले. आपल्याकडे लग्नात बँडबाजा ठरलेला, त्यात बायकांची गाणी वेगळी. त्या सगळ्या गलबल्यात नवरा-नवरी पहिल्या नाचाला उभे राहिले आणि हे लागलं. हे हार्ड रॉकवाले आहेत यावर माझा विश्वासच बसेना. नंतर शीर्षकगीत लावलं आणि दचकले.

बोरीबंदर

लग्नानंतर सगळेच सोल्जर्स अंडर कमांड होतात!

वसईची_पोर

काका!!

खर्जातला

😄

मिंड_आणि_बेंड

निर्माता वॅगनरबद्दल कुणी बोललं नाही. जर्मन माणूस, ॲक्सेप्ट या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांत गिटार वाजवायचा. पुढच्याच वर्षी मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चं मिक्सिंग त्याने केलं, १९८९ मध्ये स्किड रोचा पहिला अल्बम त्याचाच. गिटारला धार ठेवून आवाज गोड ठेवायचा ही त्याची हातोटी. माझी तक्रार एकच, बेस फार मागे पडलाय. टिम गेन्स काय वाजवतोय ते ऐकायला हेडफोन लावावा लागतो. 'रीच आउट'मध्ये नीट लक्ष द्या, खाली छान काम चाललंय.

सांजवेळ

ड्रमर कायम आडवा का बसतो? व्हिडिओत बघितलं.

मिंड_आणि_बेंड

रॉबर्ट स्वीट मुद्दाम बसतो. ड्रम्सच्या गराड्यामागे वाजवणारा लपून जातो, बाजूने बसलं की हातपाय सगळे दिसतात. १९८५ मध्ये ते जपानला गेले तेव्हाच्या मैफिलीची व्हिडिओ कॅसेट निघाली होती, त्यात फार छान दिसतं.

नाना_नास्तिक

धाग्यावर परत आलो. रिझरेक्शन बँड ऐकला. सरोवरकाठ, आभार, अस्सल माल आहे. वेंडी कायझरचा आवाज अंगावर येतो.

त्यानंतर 'सोल्जर्स' पुन्हा लावला. शब्दांबद्दलचं माझं मत तेच आहे. पण 'सरेंडर'बद्दल खर्जातला यांचं म्हणणं पटलं. तिथे गायक खरंच कुणाला तरी हाक मारतोय. 'वेटिंग फॉर अ लव्ह दॅट्स रिअल' मात्र मला त्या काळातल्या कुठल्याही बँडचं वाटलं असतं.

खर्जातला

नाना, त्या गाण्याबद्दल वाद घालणार नाही. तबकडीची दुसरी बाजू पहिलीपेक्षा ढिली आहेच. पहिल्या बाजूची पाच गाणी, शीर्षकगीतापासून 'द रॉक दॅट मेक्स मी रोल'पर्यंत, सलग ऐकावीत. तिथे एकही क्षण वाया गेलेला नाही. दुसऱ्या बाजूवर 'रीच आउट' आणि 'सरेंडर' या दोघांनी खांदा दिलाय.

पुढच्याच वर्षी 'टू हेल विथ द डेव्हिल' आला, तो प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख प्रतींचा टप्पा, त्यातलं 'ऑनेस्टली' अमेरिकेतल्या हॉट १०० या गाण्यांच्या क्रमवारीत २३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. बहुतेकांना बँड तिथून माहीत होतो. तो जास्त सफाईदार आहे, मान्य. पण त्यात यश येणार हे ठाऊक असलेले लोक गातात. 'सोल्जर्स'मध्ये ते अजून ठाऊक नाही. चर्च हाकलतंय, क्लबवाले हसतायत, आणि तरी हे जे मानतात ते मोठ्याने गातायत. मला हा अल्बम त्यासाठी जवळचा आहे.

गल्लीबोळ

२०१३ मध्ये त्यांनी पहिल्या तीन तबकड्यांमधली गाणी नव्याने रेकॉर्ड केली, 'सेकंड कमिंग' नावाने. नवख्यांनी कोणतं ऐकावं?

मिंड_आणि_बेंड

शिकायचं असेल तर २०१३ चं, प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं आणि बेसला न्याय मिळालाय. ऐकायचं असेल तर १९८५ चं. मायकेल स्वीटचा आवाज पन्नाशीतही शाबूत आहे, पण त्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या सुराकडे जाताना जी झेप आहे ती वीस-बावीस वर्षांच्याच गळ्यातून येते.

सलोमी_नगर

भावाला हा धागा वाचायला पाठवला. त्याचं म्हणणं, "बॅटल हिमवर भांडताय ते ठीक, पण 'मेक्स मी वॉना सिंग'वर कुणीच धड बोललं नाही!" त्याला इथे सदस्य व्हायला सांगितलंय. उद्या येईल, तयारीत राहा.